शुक्रवारचा फोन

शारजात, अल मजाजच्या फ्लॅटवर सासूबाई आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी नातवाच्या ऑटिझमचं कारण शोधून काढलं: सुहासिनीची नोकरी. "आईच घरात नाही, तर पोर बोलणार कोणाशी?" हे त्यांनी लिफ्टमध्ये भेटेल त्या शेजारणीला ऐकवलं. नवरा, गुणवंतही, मान डोलवायला लागला. सुहासिनीने राजीनामा दिला, पण विसरली काहीच नाही.

वेदांग स्वतःहून बोलत नसे. मात्र ऐकलेलं संभाषण तो जसंच्या तसं, अगदी त्याच आवाजात म्हणून दाखवी. फक्त सुरुवात कानावर पडायचा अवकाश. दर शुक्रवारी, कॉलचा रेट कमी असताना, आजी पुण्याला बहिणीला, कुसुमताईला, फोन लावायची, तेव्हा तो तिच्या पायाशीच खेळत असे.

मुंबईहून ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर आल्या, तेव्हा वेदांगला दाखवायला जाताना सुहासिनीने सासूबाईंनाही आग्रह करकरून सोबत नेलं.

"नक्की कारण अजून आम्हालाही ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घराण्यात पूर्वी असं मूल कोणी?"

"आमच्याकडे? सात पिढ्यांत नाही!" सासूबाई कडाडल्या. "हिची नोकरी, खलास. तेवढंच लिहा."

सुहासिनी गालात हसली. वेदांगच्या कानाशी वाकून तिने हळूच म्हटलं, "हॅलो, कुसुमताई?"



वेदांग थेट आजीच्या आवाजात सुरू झाला, "हॅलो, कुसुमताई? अगं, गुणवंतच्या आधीचा माझा दिनू अस्साच होता गं! पण सुनेला कळू देऊ नकोस हं, डोक्यावर बसेल!"