जेरियस कुठे चालला होता

"कॅहाबा टेक कॉलेजलाच जाणार तो, आपल्या वैऱ्यांकडे. लिहून ठेवा," लेम्युएल खुर्चीतून म्हणाला.

रॉयल बीस्लीने त्याच्या मानेवरचा वस्तरा उचलला. "हलू नकोस. कान जाईल."

"कान गेला तरी चालेल, जेरियस जाता कामा नये."

दुकानात हशा पिकला, पण मनापासून कोणी हसलं नाही. जेरियस पेटवे टेनसॉ स्टेटचं कॉलेज सोडणार, ही बातमी सकाळीच चाहत्यांच्या वेबसाइटवर आली होती. आपली कागदपत्रं दुसऱ्या कॉलेजला पाठवा, असा अर्ज त्याने कचेरीत दिला होता. कुठल्या कॉलेजला, ते कोणालाच कळलं नव्हतं. दुपारपर्यंत लोकांचं त्याला अकरा संघांत खेळवून झालं होतं.

जेरियस इथलाच, कोय स्प्रिंग्जचा. अलाबामातल्या या चार हजार वस्तीच्या गावातून टेनसॉच्या फुटबॉल संघात गेलेला तो पहिलाच. बचावफळीत मधोमध उभा राहायचा आणि हातात चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला असा आडवा करायचा, की हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत जायचा. बाप लवकर गेला. समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचं कसं, हे त्याला रॉयलनेच स्वतःच्या अंगणात शिकवलं होतं.

"हवा गेलीय डोक्यात, दुसरं काय?" डब म्हणाला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि टेनसॉ हरलं की दोन दिवस जेवायचा नाही. "परवा इथे केस कापायला आला, तर काळा चष्मा काढेना. वर रेडिओ बंद करायला लावला. राजेसाहेब!"

"मला त्याने एकाच बैठकीत दोनदा विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का म्हणून," लेम्युएल म्हणाला. "म्हाताऱ्याचं उत्तर ऐकायला फुरसत कुणाला आहे?"

रॉयललाही तो चष्मा खटकला होता.

त्या आठवड्यात चर्चच्या कुंपणावर कोणीतरी जेरियसची चव्वेचाळीस नंबरची जर्सी जाळली. जेरियसची आई ओडेसा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या घरासमोरची टपालपेटी कोणीतरी गाडीने उडवली. शाळेतल्या बायका तिच्याशी तुटक बोलू लागल्या.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर रॉयल तिच्या घरी गेला. दोघं एका वर्गातली.

"बरं झालं आलास," ओडेसा म्हणाली. "मला काही सांगत नाही तो. मी म्हणते, या गावाने तुला मोठं केलं, आता त्यांना तोंड कसं दाखवू मी? तर नुसता मान हलवतो. तूच बोल."

जेरियस मागच्या ओसरीवर, सावलीच्या कोपऱ्यात बसला होता. रॉयलला पाहून उठला, खांबाला हात लावून क्षणभर थांबला आणि पुन्हा बसला.

"कुठे चाललास रे?"

"लांब, काका."

"कॅहाबाला?"

जेरियस हसला. "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"मग कोणाकडे? नाव तरी सांग. एवढं लपवण्यासारखं काय आहे?"

"सांगितलं तर तुम्ही सगळे हसाल. मी दमलोय, काका."

"विसाव्या वर्षी? मी एकावन्न वर्षांचा आहे आणि रोज आठ तास उभा असतो."

"ते नाही..." जेरियस शब्द शोधत राहिला. सापडला नाही तेव्हा त्याने विचारलं, "मी गेलो तर तुम्हाला फार वाईट वाटेल?"

"वाटेल," रॉयल म्हणाला. "तुझ्या बापालाही वाटलं असतं."

हे वाक्य कुठे लागतं, ते रॉयलला ठाऊक होतं.

"ठीक आहे," जेरियस म्हणाला. "एवढं वर्ष राहतो."

सोमवारी रॉयल दुकानात शिरला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डबने त्याला उचलून खुर्चीत बसवलं. ओडेसाच्या दारात कोणीतरी नवी टपालपेटी रोवली, संघाच्या हिरव्या रंगाची. गावातून मैदानावर जायला त्या वर्षी दोन बस ठरल्या.

सप्टेंबरमध्ये, तिसऱ्या सामन्यात, जेरियसने कॅहाबाच्या एका धावत्या गड्याला समोरून अडवलं. दोघंही पडले. तो गडी उठला, गुडघे झटकून आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला. जेरियस उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, हा एका दिवसाचा मार नाही. डोक्याला आधीचे कितीतरी मार बसलेले आहेत, दोन-तीन वर्षांचे.

नोव्हेंबरपासून रॉयल एका गुरुवाराआड शुश्रूषागृहात जाऊ लागला. जेरियसला चाकांच्या खुर्चीत बसवलेलं असायचं. नजर भिंतीवर. ओडेसा त्याची हनुवटी धरायची आणि रॉयल केस कापायचा. दुकानातलं कोणी एकदोनदा येऊन गेलं, मग यायचं थांबलं. तिथे आता एका नव्या पोराची चर्चा चालू होती. तो टेनसॉला येणार की नाही, यावर डब आणि लेम्युएलची रोज जुंपायची.

अशाच एका गुरुवारी ओडेसाने पर्समधून एक लिफाफा काढला.

"घरी त्याच्या गादीखाली मिळालं. केंटकी राज्यातल्या कॉलेजचं पत्र आहे. प्रवेश मिळाला होता त्याला. लहान मुलांचा मास्तर व्हायचा अभ्यास."

रॉयलने कात्री खाली ठेवली. पत्रावरचं नाव त्याने दोनदा वाचलं. देशातल्या एकूण एक संघाची नावं त्याला पाठ होती, पण हे कधी ऐकलेलं नव्हतं.

"म्हणजे इथे चालला होता तो," तो म्हणाला. "एवढ्याशा कॉलेजात? कुणाकुणाशी खेळतात हे लोक?"

ओडेसाने मुलाच्या कानावरचे केस हलकेच फुंकून उडवले.

"मी फोन करून विचारलं, रॉयल. त्यांच्याकडे फुटबॉल नाहीच."