घरचे सगळे रेंजमध्ये

नव्या घरात इंटरनेटची वायर टाकायला आलेल्या माणसाने विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

"भरपूर," काका म्हणाले.

त्याने टीव्हीपर्यंत वायर नेली आणि राउटर मधल्या पॅसेजमध्ये ठेवला. "म्हणजे सगळ्यांना सारखी रेंज." काकांना पटलं. घरात भेदभाव नको.

घरातली स्मार्ट यंत्रं आणि आपला फोन जोडून त्याने नेट तपासलं. मग काकांच्या फोनवर यादी दाखवली. "कोण कोण जोडलंय ते इथे दिसतं. नावंही देता येतात."

काकांनी चष्मा पुसला. वॉशिंग मशीन झाली मोठी वहिनी, कारण ती सुरू झाली की घर हादरतं. फ्रिज झाला आत्या; पोटातलं कधी ओठावर येऊ देत नाही. टीव्ही अर्थातच भाऊजी.

"आणि हा कोण?"

"तो माझा फोन, काका."

काकांनी 'पाहुणा' असं लिहिलं. "चहा टाकतो."

"पुढच्या वेळी नक्की," म्हणत तो जिना उतरला.

यादीतून मात्र पाहुणा गेला नव्हता. काकांनी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली गाडीवर बसून तो डबा खात होता. त्याच्या नावापुढे रेंजची एकच काडी उरली होती.

काकांनी राउटर उचलला आणि वायर ताणत ताणत खिडकीत आणून ठेवला. पाहुण्याच्या दोन काड्या झाल्या. तिकडे स्वयंपाकघरातली आत्या यादीतून नाहीशी झाली.

"घरचे समजून घेतात," काका म्हणाले.