‘निरोपविडा’चा दुपारचा प्रयोग

गोदाबाईंनी कडेची खुर्ची धरली आणि सुनेला आत, भिंतीकडे बसवलं.

“मी बसते ना कडेला, आई,” अलका म्हणाली.

“काहून? मले पाय लांब करा लागतात. तू बस तिकडं.”

झालं! एका बाजूला सभागृहाची भिंत, दुसऱ्या बाजूला सासू. अलकानं मांडीवरची फुगलेली पर्स घट्ट धरली. तीत तिनं दोन साड्या कोंबल्या होत्या.

तिसऱ्या अंकात नायिका घर सोडते तेव्हा अंधार होतो, हे तिला सासूबाईंकडूनच कळलं होतं. त्या अंधारात उठायचं, मागच्या फाटकाशी मैत्रीण रुपाली स्कूटी घेऊन उभी असेल, तिथून थेट स्टेशन. नाशिकला मुलींच्या वसतिगृहात नोकरी ठरली होती, राहायला खोलीही होती. नवऱ्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. गौरवचं एकच पालुपद: “मग बाबांचं कोण करेल?”

बाबा म्हणजे तिचे सासरे, लीलाधरराव. अर्धांगवायूनं अंग लुळं पडलेलं, जीभ मात्र शाबूत. लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घरात चोवीस तास एक तरी बाई हजर पाहिजे, हा त्यांचा दंडक. दोघी सासवासुना मिळून कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या. आज रविवार, गौरवचं दुकान बंद. सासूबाईंनी हट्टच धरला, “नाटकाले जाईन तर सुनेले घेऊनच जाईन,” म्हणून बापाजवळ लेक बसला होता.

अलकाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आपण गेलो तरी सासूबाई आहेतच, म्हातारा काही उघड्यावर पडत नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

शिवाय सासूबाईंचा तिला रागही येई. ‘संगीत निरोपविडा’ त्यांनी तीनदा पाहिलं होतं. लेकीकडे जळगावला, भावाकडे इंदूरला, कुणाच्या लग्नाला म्हणून गेल्या तेव्हा नागपूरला. घरी राखणीला सून होतीच! परत आल्या की नाटकाच्या नावानं बोटं मोडायच्या आणि मग तिथल्या लोकांचं सांगत बसायच्या. जळगावच्या बायांनी टाळ्या पिटल्या. इंदूरला पुरुष तरातरा उठून गेले आणि बाया डोळे पुसत बसल्या. नागपूरनं वन्समोर दिला. पुण्याहून कुणी आलं की त्यालाही विचारत, “तिकडचे लोकं काय म्हनले?” नाटक राहिलं बाजूला, चौकशी सगळी प्रेक्षकांची.

मध्यंतरात त्यांनी मावा जलेबी आणवली. उठल्या मात्र नाहीत.

“आपल्या गावचे लोक काय म्हणतील हो, आई?” काहीतरी बोलायचं म्हणून अलकानं विचारलं.

“आपले? जलेबी खातील अन् घरी जातील.” मग म्हणाल्या, “जळगावले माझ्या बाजूची बाई म्हने, गेली ते बरंच झालं. इंदूरले माझी भावजय म्हने, कुळ बुडवलं रांडेनं. नाटक एकच. गाव बदललं का बाई वाईट होते, गाव बदललं का चांगली.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मले कोन विचारते? भरलं घर टाकून जाते, लाज नाही त्या बाईले.”

अलकानं हातातली जलेबी खाली ठेवली. हिला कळलं तर नसेल? कडेची खुर्ची काय उगाच धरली?

तिसरा अंक सुरू झाला. पहिल्या दोन अंकांतली तरणी नायिका आता पांढऱ्या केसांनी आत आली, मागे तिची सून. घर सोडते तेव्हा ती आपल्याच वयाची असेल, असं अलका आजवर समजत होती. सासूबाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं. पण विचार करायला फुरसत कुठली? दिवे मंदावले, पेटीचा सूर लागला. अलकानं पाय सावरले.

तेवढ्यात गोदाबाईच उठल्या.

“मी जाऊन येते. तू उठू नको. दोघीबी अर्ध्यातून उठल्या तं लोकं नावं ठेवतील.” सुनेच्या गुडघ्यावर भार देऊन त्या उठल्या. हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला.

आता वाट मोकळी होती, पण वाटेच्या टोकाला सासू. बाहेर पडावं तर दारातच गाठ पडणार. अलका पिंजऱ्यातल्या उंदरासारखी दाराकडे बघत बसली. आत्ता येतील, मग निघू. गाणं संपलं. मागून एक बाई “वन्समोर!” ओरडली, पुढून कुणी “बस झालं!” म्हणून खेकसला, आणि बायापुरुषांची चांगलीच जुंपली. गाणं पुन्हा झालं, पुन्हा भांडण झालं, शेवटी पडदा पडला. गोदाबाई आल्या नाहीत.

अलका धावतच बाहेर आली. दारात सासू नाही, फाटकाशी रुपाली नाही. तिनं फोन लावला.

“अगं कुठे आहेस तू? गाडी सुटेल ना!”

“सुटली यार!” रुपाली रडकुंडीला आली होती. “मी स्टेशनवरच आहे. तुझी सासू सीधी माझ्यासमोर आली, मागे बसली, म्हणाली तुमचं फोनवरचं सगळं ऐकलंय, स्टेशनला चल. मला वाटलं पकडले गेलो. मैं क्या बोलती? पण इथे आल्यावर ती स्वतःच गाडीत चढली गं. जागा धरून बसली खिडकीत. तुला निरोप दिलाय.”

“काय?”

“म्हणाली, अलकाले सांग, म्हाताऱ्याची रात्री दोन वेळा कूस बदला लागते, नाहीतर पाठ सडते.”