होऊन गेलेला ताप

कमळाच्या हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं. आईनं, मनकर्णानं, ते पदरानं टिपलं आणि डॉक्टरकडं वळली. "पण डाक्टर, तिले तं हा ताप मागच्या साली होऊन गेला. मंग पुन्हा काऊन?"

गावात रीतच होती. ज्यांना देवी येऊन गेल्या, त्याच बायांनी देवीच्या रोग्याजवळ बसायचं. देवीचा रोग कधीचा गेला, रीत तेवढी राहिली. यंदा हाडं मोडणारा ताप घरोघर शिरला तेव्हा लोक कमळाला बोलवायला आले. ती मागच्या साली त्यातून उठली होती ना! मनकर्णानंही लेकीला मोठ्या तोऱ्यात पाठवलं. धाकट्या चंदाला मात्र घरात जपून ठेवलं. ताप चंदालाही आला, पण उतरला आणि ती खेळायलाही लागली. अंथरूण धरलं ते कमळानं.

मूल शहरातल्या दवाखान्यातला हा डॉक्टर नागपूरहून नवाच आलेला. तो सलाईनकडं बघत म्हणाला, "बाई, या डेंग्यूच्या तापाचे विषाणू चार प्रकारचे. दिसायला भावंडं, आतून वेगळे. मागच्या साली एक आला, यंदा दुसरा. रक्तातल्या राखणदार पेशींना वाटलं, हा तोच. त्यांनी त्याला धरून आत घेतलं, पण मारता आलं नाही. आता तो त्यांच्यातच वाढतोय."

"राखणदाराच्याच घरात?"

"पुस्तकात तसं आहे. सगळ्यांचं असं होत नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही."

मनकर्णाचं डोकं चक्रावलं. "म्हंजे मागच्या साली तिले ताप आलाच नसता, तं आज बरी असती?"

"कदाचित."

"अन् माही चंदा?"

"तिला आता जास्त जपा. पुढच्या वेळी तिचंही असं होऊ शकतं."

मनकर्णाला रडू येत होतं, रागही येत होता. तो कोणावर काढावा हेच कळेना.

तेवढ्यात गावाहून शेजारची नीलाबाई आली. तिचा नातू घरी तापानं फणफणत होता. कमळाकडं पाहून ती हळहळली. मग हळूच म्हणाली, "मनकर्णे, चंदाले पाठवशीन का वं नातवाजवळ? तिले बी होऊन गेला ना आता."

मनकर्णानं कमळाचा हात घट्ट धरला. नीलाबाईकडं तिनं पाहिलं नाही.

"कोण म्हणलं? माह्या चंदाले कधी तापच आला नाई."