आतून लावायचं दार

रिहाबनं न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून सोडवलं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मुंझिरनं, कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मूठ बसव, खुशाल बसव," तो म्हणाला. "पण कडी नको. आई आत पडली होती तेव्हा खांद्यानं दार फोडावं लागलं मला. आणि दारामागे तीच. प्रत्येक धक्का तिलाच बसत होता."

"माहीत आहे. म्हणून दार आता बाहेरच्या बाजूला उघडेल."

"आणि कडी?"

"कडीही बसेल."

मीना बंदराच्या त्या गल्लीतली निम्मी दारं रिहाबच्या सुतार बापानं टांगलेली. पटाशी कशी धरायची हे तिला कुणी शिकवलं असं नाही, बघता बघता आलं होतं. फुटलेल्या चौकटीत तिनं कालच नवी फळी सांधली होती. अकराला जनरेटर बंद होणार, म्हणून आधी ड्रिलनं दाराला दोन भोकं पाडून घेतली, एक आरपार, एक कडेतून आत. कडीची पितळी पट्टी बसवायची खाच मात्र हातानं. पटाशीखाली लाकडाच्या पातळ ढलप्या निघत होत्या आणि ती दर वेळी पट्टी ठेवून बघत होती, कागदाइतकीही वर राहिलेली चालणार नव्हती.

अपघातानंतर मुंझिरनं घरातल्या सगळ्या कड्या उपटून काढल्या होत्या. त्याची आई, गल्लीच्या तोंडी उम्म मुंझिर म्हणजे मुंझिरची आई, त्यावर एक शब्द बोलली नाही. दर तिसऱ्या दिवशी ती कोटाच्या आत टॉवेल दाबून गल्ली ओलांडायची आणि समोरच्या शेजारणीकडे, उम्म फारिसकडे, अंघोळ करून यायची. यांच्याकडे पाणी येत नाही, अशी गल्लीची समजूत झाली होती.

दार पुन्हा उभं राहिलं. रिहाबनं मूठ दाबली, सोडली. आतला खटका फिरवला. खट्. कुठे घासत नव्हतं. मग तिनं बाहेरच्या बाजूला मुठीखालची बारीक खाच नवऱ्याला दाखवली, पाचशे लिरांचं जुनं नाणं त्यात अडकवलं आणि फिरवलं. आतला खटका सुटला.

मुंझिरचा चेहरा मोकळा झाला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मग हे तिला सांगू नकोस. तिला वाटू दे, पक्की कडी आहे."

रिहाबनं मोठ्यानं सासूला हाक मारली, "मावशी, जरा येता का?"

उम्म मुंझिर काठी टेकत आली. रिहाबनं तिला दार लावायला लावलं, उघडायला लावलं, आणि मग ती खाच दाखवली.

"हे बाहेरून उघडतं, मावशी. नाण्यानं, सुरीच्या टोकानं, कशानंही."

म्हातारीनं खाचेवरून अंगठा फिरवला. "मग हे लावायचं कशाला?"

"एरवी कुणी आत येऊ नये म्हणून. तीन हाका मारूनही तुम्ही ओ दिली नाहीत, तर उघडायचं. त्याआधी नाही."

"कोण उघडणार?"

"मी."

"तू घरात नसलीस तर?"

"तर उम्म फारिसला बोलवायचं."

"मी काय मेलोय?" मुंझिर म्हणाला. "मुलगा आहे मी तुझा."

"मुलगा आहेस म्हणूनच," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी तू मला न्हाणीतून तशीच उचलून आणलंस. चांगलं केलंस, देव तुझे हात सलामत ठेवो. पण तेव्हापासून तू माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलला नाहीस. मीही नाही बोलले."

मुंझिर खाली बघत राहिला. रिहाब जमिनीवरचा लाकडाचा भुसा गोळा करू लागली.

"पाणी तापलंय का?" म्हातारीनं विचारलं.

"तापलंय."

ती टॉवेल घेऊन आत गेली. दार लागलं, खटका फिरला. आत तांब्या वाजला, पाणी पडलं, मग काहीच ऐकू येईना. मुंझिर खुर्चीवरून अर्धा उठला.

"मावशी?" रिहाबनं हाक दिली.

"जिवंत आहे. साबण लावतेय."

तो बसला. पुन्हा पाणी पडलं, पुन्हा थांबलं. यावेळी तो जागचा हलला नाही, पण पेल्यात कॉफी नाही हे त्याला दोनदा तोंडाला लावल्यावर कळलं.

खूप वेळानं खटका आतून सुटला. उम्म मुंझिर बाहेर आली, गाल लाल, डोक्याला टॉवेल, अंगाला लॉरेलच्या साबणाचा वास. सगळं घर त्या वासानं भरलं. ती मुलासमोर येऊन उभी राहिली.

"मुंझिर."

त्यानं वर पाहिलं.

"तुमच्या खोलीच्या दाराला तर पहिल्यापासूनच कडी नाही ना?"

"नाही."

"मग तिथंही बसवा. मी सकाळी न वाजवता आत येते. आठ वर्षं येतेय." मग सुनेकडे वळून म्हणाली, "तू कधी बोलली नाहीस, पण मला कळत होतं. या वयात माझी सवय नाही सुटायची."

रिहाबचे कान लाल झाले. मुंझिर उठला, टेबलावरचा पेचकस घेतला आणि झोपायच्या खोलीकडे चालू लागला.

"खालची बिजागरी आधी सोडव," रिहाबनं मागून सांगितलं.