दुसरी थाप

“पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. एवढं तरी राहील ना डोक्यात?” जीपमधून नवरा खेकसला. कुमुद ट्रेलरच्या मागच्या चाकाशेजारी जाऊन उभी राहिली.

तिला न विचारता राहता फ्लॅट विकून त्यानं हे चाकांवरचं घर आणलं होतं. बंद पडलेल्या खाणीशेजारच्या माळावर सकाळपासून तो ते मागे घ्यायला शिकत होता. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा आणि शिव्या कुमुद खायची. पण त्या धुडामुळे त्याला मागचं काहीच दिसत नव्हतं. उभ्या संसारात पहिल्यांदाच तो तिच्या सांगण्यावर चालत होता.

तिनं दोन थापा मारल्या. ट्रेलर मागे सरकला. पुन्हा दोन. चाक खाणीच्या कडेपाशी आलं. त्याखालचा दगड निसटला आणि खालच्या हिरव्या पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं वर आला.

थापा थांबल्या तसा नवरा ब्रेक दाबून ओरडला, “झोपलीस का गं?”

कुमुदनं पत्र्यावर थाप मारली. एकच. जीप जागची हलली नाही.

मग तिचा हात पुन्हा वर गेला.