खोलीतली शांतता

कल्पना करा हं बाळांनो, एक आई माहितीपट बनवते आहे आणि तिची लेक शेजारी बसून चित्रीकरणाचे तुकडे निवडू लागते आहे. माहितीपट आहे एकट्या राहणाऱ्या एका आजींवर, ज्यांचं ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नाही. मुलाखत संपली की त्या खोलीतली नुसती शांतताही अर्धं मिनिट रेकॉर्ड करतात. पुढे दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती कामी येते.

लेकीने शांततेचा पहिला तुकडा लावला. त्यात आजी म्हणाल्या, "अगं, एक सांगायचं राहिलंच..."

लगेच आईचा आवाज आला, "श्श्! आजी, जरा गप्प बसा बरं."

"निकामी," आई म्हणाली.

दुसऱ्या शांततेत आजी पुन्हा म्हणाल्या, "पण बाई, ते महत्त्वाचं..."

"आजी, प्लीज!"

लेक खुदकन हसली. "आई, माझ्यावर ओरडतेस तश्शीच ओरडलीस!"

"हेही निकामी."

तिसऱ्या तुकड्यात आजी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

"हा झकास. ठेव."

"पण मग आजींनी काय सांगितलं?"

आई आठवू लागली. ती शांतता मिळताच तिने सामान आवरलं होतं. आजी दारापर्यंत मागोमाग आल्या होत्या आणि तिने गाडीतून नुसता हात हलवला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विचारायचं राहिलंच गं," ती मान खाली घालून म्हणाली.



लेकीने आईच्या मोबाइलवरून आजींना फोन लावला आणि "आजी, आई ऐकतेय, तुम्ही बोला," एवढं सांगून तो आईच्या कानाला लावला.